पंचेचाळिसावी तक्रार

धंदा उघडायला नऊ कागद लागले होते. बंद करायला तेवीस लागतात हे कळलं, तेव्हा दादा इतका हसला की चहा बशीतून टेबलावर आणि टेबलावरून त्याच्याच पँटवर गेला.

“बघ ताई,” पँट झटकत तो म्हणाला, “लग्नाला एक सही पुरते, सोडचिठ्ठीला कपाटभर कागद. तसंच आहे हे.”

“तू हस. तेवीसच्या तेवीस मलाच गोळा करायचेत.”

सगळं ऑफिस तिला ताईच म्हणायचं. सगळं ऑफिस म्हणजे एक सख्खा थोरला भाऊ आणि अधूनमधून प्रिंटर दुरुस्त करायला येणारा माणूस. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत बसून दादा लोकांना साठवलेले पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला द्यायचा. मागच्या खोलीत बसून ताई त्या सल्ल्यावर पहारा द्यायची. असा सल्ला द्यायला नियामक मंडळाचं लायसन्स लागतं, आणि लायसन्स हवं तर एक कंप्लायन्स ऑफिसर लागतो. म्हणजे असा माणूस, ज्याने मालकाला वेळोवेळी “हे करू नकोस” म्हणायचं आणि म्हटल्याचं कागदावर लिहून ठेवायचं. घरोघरी हे काम फुकट चालतं. इथे त्याला पद होतं, पगार होता आणि वर्षातून दोन रिपोर्ट होते.

आता दादाला कंटाळा आला होता. लोक हल्ली फोनलाच सगळं विचारतात, आणि फोनला ना जिना चढावा लागत ना चहा पाजावा लागत. “आपण सन्मानाने दुकान आवरू,” दादा म्हणाला. सन्मान बाजूला राहू द्या, ताईला तारीख महत्त्वाची होती. एका प्रशिक्षण संस्थेने तिला बोलावलं होतं. काम काय, तर नव्या कंप्लायन्स ऑफिसरांना नियम शिकवायचे. वीस वर्षं एकाच भावाला “नको” म्हणून झालं होतं, आता तीस जणांना म्हणायला शिकवायचं. तिला ते इतकं आवडलं होतं की नेमणुकीचं पत्र तिने तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा कोणाला दिसू दिलं नाही. एक तारखेला बॅच सुरू. अट एकच, त्या दिवशी हातात दुसऱ्या कुठल्या कंपनीचं पद असता कामा नये.

आणि मंडळाचा नियम असा, की लायसन्स जिवंत असेपर्यंत ते पद रिकामं राहू शकत नाही. दुसरा कोणी आणून बसवायचा तर तो आधी परीक्षा पास झालेला हवा. म्हणजे लायसन्स मेल्याशिवाय ताई सुटत नव्हती, आणि तेवीस कागदांशिवाय लायसन्स मरत नव्हतं.

तिने भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि कामाला लागली. दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस. वेबसाइटवर एक ओळ. दारावर एक कागद. एकूण एक ग्राहकाला लेखी पत्र, की आम्ही बंद करतोय, साठ दिवस आहेत, तेवढ्यात दुसरा सल्लागार बघा, तोपर्यंत काही विचारायचं असेल तर आम्ही आहोत. प्रत्येक पत्राची सही केलेली पोच. जुनी फाइल ज्याची त्याला, नाहीतर त्याच्या नव्या सल्लागाराला. सगळ्याच्या नकला आठ वर्षं सांभाळायच्या, त्या कुठे सांभाळणार तो पत्ता, कोण सांभाळणार ते नाव. पाटी उतरवल्याचा फोटो. मूळ लायसन्स फ्रेममधून काढून परत. आणि अठराव्या कलमात एक ओळ: अर्जाच्या दिवशी एकही तक्रार उघडी नसावी.

साठ दिवस चोवीस तारखेला संपत होते. पंचवीसला अर्ज. मंडळात त्यांची फाइल ज्या बाईंकडे होती त्यांनी कबूल केलं होतं, कागद पूर्ण असतील तर तीन दिवसांत रद्द करून देते. अठ्ठावीस. मग एक तारखेपर्यंत ताईला नवी बॅग घ्यायलाही वेळ होता.

एकेचाळिसाव्या दिवसापर्यंत सगळं घड्याळासारखं चाललं. मग घड्याळवाल्याचं पत्र आलं.

घड्याळवाल्याचं दुकान त्याच इमारतीत, जिन्याखाली. माणूस पासष्टीचा, किडकिडीत, डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेला. सगळी गल्ली त्याला काटेकोर म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि त्याला त्यात काही खुपायचं नाही. तो या दोघांचा ग्राहक कसा झाला, ही दादाच्या कर्तृत्वाची कथा आहे.

अकरा वर्षांपूर्वी मंडळातून तपासणी आली. याच बाई, तेव्हा नव्या होत्या. त्यांनी तक्रारींचं रजिस्टर उघडलं. कोरं. पान उलटलं. कोरं.

“एकही तक्रार नाही?”

“लोक खूश आहेत, मॅडम,” दादा म्हणाला.

“लोक कधीच खूश नसतात. तुम्ही नोंदवतच नसाल.” आणि त्यांनी रिपोर्टात तसं लिहिलं.

दुसरा कोणी असता तर रडला असता. दादा जिना उतरून खाली गेला, काटेकोरच्या समोर स्टुलावर बसला आणि म्हणाला, “काका, तुम्हाला तक्रार करायला आवडेल का?”

काटेकोरने भिंग वर केलं. “कशाबद्दल?”

“कशाबद्दलही. दर तीन महिन्यांनी एक. छोटी. आम्ही ती सोडवू, तुम्ही समाधान झाल्याची सही द्यायची. चहा माझा.”

तक्रार करायला आधी ग्राहक असावं लागतं, म्हणून दादाने त्याला सगळ्यात लहान हप्त्याचं खातं उघडून दिलं. पहिली तक्रार दादाने स्वतः तोंडी सांगितली, काटेकोरने सुरेख अक्षरात लिहून घेतली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. तिसरीनंतर दादाला ही करामत पोटात ठेवणं जड गेलं आणि त्याने ताईला सांगून टाकलं. ताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण तिने तिन्ही तक्रारींवर सह्या केलेल्या होत्या. हात अडकलेला होता.

चौथी आली तेव्हा तिने ठरवलं, निदान उत्तर तरी रीतसर द्यायचं. तक्रार खोटी असली म्हणून उत्तर खोटं कशाला? तेव्हापासून दर तीन महिन्यांनी काटेकोर जिना चढून वर यायचा, दोन्ही हातांनी कागद द्यायचा, आणि एकवीस दिवसांच्या आत त्याला नंबर घातलेलं उत्तर जायचं. जिन्यातला बल्ब गेला आहे. बल्ब बदलला. वाट बघायची खुर्ची डुगडुगते. खुर्ची बदलली. पत्रकावरची अक्षरं मुंगीएवढी आहेत. अक्षरं मोठी केली. अकरा वर्षांत चव्वेचाळीस. पुढच्या तपासणीला बाईंनी रजिस्टर चाळलं आणि लिहिलं, “तक्रार निवारण उत्तम.” दादाने ते वाक्य मोठं करून छापायचं म्हटलं. ताईने “नको” म्हटलं आणि म्हटल्याचं लिहून ठेवलं.

तर पंचेचाळिसावी. ती हातात आली नाही, रजिस्टर पोस्टाने आली. पोस्टमनने ती जिन्याखालच्या दुकानावरूनच वर आणली असणार.

ताईने पाकीट फोडलं. तेच अक्षर.

“विषय: मी ग्राहक आहे की नाही, याबाबत.

महोदय, आपण काम बंद करत आहात. बाकीच्या ग्राहकांना पत्रं गेली. त्यांतल्या सात जणांच्या पोचा कुरियरवाला माझ्याकडे ठेवून गेला, त्या मीच वर आणून दिल्या. मला पत्र नाही. मला ही बातमी आपल्या दारावरच्या कागदावरून समजली, तीही चष्मा खाली राहिल्यामुळे दुसऱ्या दिवशी. मी अकरा वर्षं आपला ग्राहक असल्याचं आपणच मंडळाला कळवत आला आहात. मी ग्राहक असल्यास बाकीच्यांप्रमाणे मला साठ दिवस मिळावेत. नसल्यास तसं लेखी द्यावं. प्रत मंडळास.”

ताईने पत्र वाचलं. मग ग्राहकांची यादी काढली. साठ नावं. मग मंडळाला पाठवलेल्या शेवटच्या रिपोर्टातला आकडा पाहिला. एकसष्ट.

“दादा, यादी कोणी केली?”

“मी.”

“काकांचं नाव?”

“अगं, त्यांना काय पत्र पाठवायचं? रोज सकाळी जिन्यात भेटतात! आपलाच माणूस आहे.” मग त्याने तिच्या हातातलं पत्र वाचलं, पहिल्या दोन ओळींना हसला, तिसरीला थांबला, आणि शेवटच्या ओळीला खुर्चीत बसला. “मंडळाला प्रत? हा म्हातारा वेडा झाला काय?”

“कॅलेंडर बघ,” ताई म्हणाली.

दादाने बघितलं. आज नोटीस द्यायची तर साठ दिवस पुढच्याच्या पुढच्या महिन्यात संपत होते.

“काळजी करू नकोस. मी आहे ना,” दादा म्हणाला, आणि इथेच ताईला खरी काळजी वाटायला लागली.

तासाभराने दादा खाली गेला. मनगटातलं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. “काका, बंद पडलं बघा. आणि ते पत्र काय हो, रागावलात होय?”

काटेकोरने घड्याळ उचललं, भिंगातून पाहिलं, बाजूची किल्ली अंगठ्याने आत दाबली आणि परत दिलं. “बंद नव्हतं. तुम्ही ओढून ठेवलं होतं. याचे पैसे नाहीत.” आणि पुन्हा वाकला.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर अडकला. ताईने झाकण उघडून चुरगळलेला कागद ओढून काढला तर त्यावर होतं, “माझी दिनांक अमुकची तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.” सोबत ट्रेमध्ये कुरियरच्या सात कोऱ्या पावत्या.

“हे काय?”

“काही नाही गं. काका इमारतीची सगळी पार्सलं घेतात ना, सात-आठ सह्या एका दमात ठोकतात. मधे एक सरकवला तर...”

ताईने कागदाचे चार तुकडे केले. “याच्या खाली माझी सही जाणार आहे, दादा. ‘वरील सर्व माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे.’ तेविसावा कागद. तो माझा आहे.”

“मग सरळ सांगून टाकू मंडळाला. तो खरा ग्राहकच नाही, नुसता नावाचा. झालं?”

“सांग ना. मग त्या विचारतील, नावाचा का? तू सांगशील, तक्रारी लिहायला. मग त्या म्हणतील, म्हणजे चव्वेचाळीस खोट्या नोंदी? आणि त्या नोंदींवर सही कोणाची?”

ताई तोंडातल्या तोंडात मोजत असल्यासारखी पुढे बोलत राहिली. “तो ग्राहक नाही म्हटलं तर मी अकरा वर्षं खोटं लिहिलं. आहे म्हटलं तर नोटीस चुकली. पहिल्यात मला शिकवायला कोणी उभं करणार नाही. दुसऱ्यात एक तारीख जाते.”

“काकांनी आपल्याला बरोब्बर कात्रीत धरलंय,” दादा म्हणाला. आवाजात थोडं कौतुकच होतं. स्वतः खोडकर माणूस, दुसऱ्याची कारागिरी त्याला ओळखता यायची.

त्या दिवशी दुपारी ताईने काटेकोरची फाइल काढली. एक पातळ हिरवी फाइल. आत खातं उघडल्याचा अर्ज आणि एक छापील प्रश्नपत्रिका, जी प्रत्येक नव्या ग्राहकाला समोर बसवून भरून घ्यायची असते. ही दादाने एकट्याने भरली होती. गुंतवणुकीचं उद्दिष्ट: “चहा.” मुदत: “यमराज ठरवतील.” जोखीम घेण्याची तयारी: “आमच्याशी संबंध ठेवला यावरून समजावे.” खाली “तपासलं” असं छापलेलं आणि त्याच्यापुढे ताईची सही. तिने ती वाचून केली होती की न वाचता, हे तिला आठवेना. दोन्ही वाईटच होतं.

फाइलीत तिसरा कागद नव्हता. अकरा वर्षांत या माणसाला एका ओळीचा सल्ला दिलेला नव्हता.

ती खाली गेली. दुकानाच्या भिंतीवर दुरुस्तीची वीसेक घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. काटेकोरने स्टूल पुढे सरकवलं.

“बसा ताई. साहेब काल घड्याळ घेऊन आले होते.”

“कळलं मला. काका, एक विचारू? त्या चव्वेचाळीस तर आपण दादाच्या सांगण्यावरून...”

“चव्वेचाळीस कुठल्या?” त्याने भिंग काढून ठेवलं. “तीन. पहिल्या तीन. त्यात काही मजा नव्हती, तुमच्या भावाला तक्रार करता येत नाही. बाकीच्या माझ्या आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे बल्ब गेलाच होता की. मी दोन पायऱ्या घसरलो, हे कोपर बघा. खुर्ची डुगडुगत होतीच. अक्षरं बारीक होतीच. तुम्हाला काय वाटलं, मी बसून शोधून काढायचो?”

ताईला तेच वाटलं होतं. अकरा वर्षं.

“मग तुम्ही कधी बोलला कसे नाहीत?”

“लिहून देत होतो की! दर तीन महिन्यांनी!” काटेकोर पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात म्हणाला. “घरी मी काही म्हटलं तर सून टीव्ही मोठा करते. मुलगा म्हणतो, बाबा, चालायचंच. तुमच्याकडून नंबर घातलेलं उत्तर यायचं. ‘आपली तक्रार क्रमांक एकोणीस तपासली असता त्यात तथ्य आढळलं.’ पत्रं डब्यात आहेत माझ्या. मला वाटायचं, बाकी काही असो, यांच्याकडे मी ग्राहक आहे. आणि निघायची वेळ आली तर तुम्ही साठ जणांना सांगितलंत आणि मला दारावरचा कागद.”



“साठ दिवस तुम्हाला कशाला हवेत, काका?” ताईने विचारलं. खोचकपणे नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“बाकीच्यांना कशाला दिलेत?”

“दुसरा सल्लागार शोधायला. तोपर्यंत काही विचारायचं असेल तर विचारायला.”

“मग मलाही विचारायचंय. दर महिन्याला जे जातं, ते ठेवू की काढू? नातीच्या नावाने करू की नको? तुमच्याकडे अकरा वर्षं आहे, आणि मला आजवर चहाशिवाय काही मिळालेलं नाही.”

वर येऊन ताईने मंडळातल्या बाईंना फोन लावला. बाईंकडे प्रत पोचलेली होती.

“तक्रार बरोबर आहे?” बाईंनी विचारलं.

“बरोबर आहे. पत्र द्यायचं राहिलं. चूक आमची.”

बाईंनी तिला ते परत एकदा म्हणायला लावलं. बहुतेक बाईंना इतक्या वर्षांत हे वाक्य फारसं ऐकायला मिळालं नसावं. “ठीक आहे. मग तुमच्याकडे दोन रस्ते. नव्याने साठ दिवस द्या. नाहीतर ग्राहकाने स्वतः लेखी मुदत सोडायला हवी. पण त्याला आधी नीट सल्ला मिळालेला पाहिजे, आणि त्याने स्वतःच्या मर्जीने सोडायला हवी. ती खात्री तुम्ही द्यायची.”

दादा कान देऊन ऐकतच होता. फोन खाली ठेवला नाही तोच त्याने टाळी वाजवली. “सुटलो! दोन तासांत त्यांना सगळा सल्ला देतो, नातीसकट. मग सही. तू नुसती विनंती कर, काका तुला नाही म्हणणार नाहीत.”

आणि ते खरं होतं. संध्याकाळी काटेकोर दुकान बंद करता करता जिन्यात भेटला तेव्हा दादाने घाईघाईत सगळं सांगून टाकलं, ताईची नोकरी, एक तारीख, बॅच. काटेकोर ताईकडे वळला.

“तुमची नोकरी अडलीय? मग आधी सांगायचं. आणा कागद, सोडतो मुदत. तुमच्यासाठी सोडतो.”

दादाने लगेच शर्टाच्या खिशातून पेन काढलं. झाकण उघडून पुढे धरलंसुद्धा.

“थांब,” ताई म्हणाली.

“आता काय?”

“काका, तुम्हाला साठ दिवस हवे होते ना?”

“हवे होते. पण तुम्ही अडलात तर...”

“म्हणजे कोणासाठी तरी लिहून देताय.” ताईने पेन दादाच्या हातून घेतलं आणि झाकण लावलं. “तीन अशाच लिहून घेतल्यात आम्ही तुमच्याकडून. ही चौथी होईल. आणि या वेळेला माझ्यासाठी.”

“अगं, ते स्वखुशीने देतायत!”

“माझ्या नोकरीचं तू त्यांना सांगितलंच नसतंस, तर सोडली असती मुदत?”

दादाने काटेकोरकडे पाहिलं. काटेकोरने जिन्यातल्या बल्बकडे पाहिलं. खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता, हे आता दादालाही कळून चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने संस्थेत फोन केला. तिथले संचालक सभ्य माणूस होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“एका ग्राहकासाठी?”

“हो, एका.”

“मी समजू शकतो. पण एक तारखेला तीस जण समोर बसणार आहेत, त्यांच्यापुढे कोणीतरी उभं राहायला हवं. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला आज बोलवावं लागेल. नंतर जागा निघाली तर तुमचं नाव आहे माझ्याकडे.”

“निघेल असं वाटतं?”

“खरं सांगू? एवढ्यात नाही.”

ताईने आभार मानले. मग बसून दोन पत्रं टाइप केली. पहिलं काटेकोरला: आपली तक्रार क्रमांक पंचेचाळीस योग्य आहे, चूक आमची आहे, आजपासून साठ दिवस आपले. दुसरं मंडळाला, त्यात हेच, आणि शिवाय हेही, की क्रमांक एक, दोन आणि तीन या नोंदी मालकाच्या सांगण्यावरून लिहिल्या गेल्या, आणि हे कळल्यावरही आपण ते कळवलं नाही.

दादाने दुसरं पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावला. “हे कशाला? अकरा वर्षांपूर्वीचं! कोणी विचारलंय का?”

“तेविसाव्या कागदावर विचारलंय.”

“उद्या तुझ्या नावावर ठपका येईल.”

“येऊ दे. तुझ्याही येईल, एकटी नाही मी.”

पत्र मात्र दादानेच पोस्टात टाकलं, आणि रांगेत उभं राहून पावती आणली.

दोन आठवड्यांनी मंडळाचं उत्तर आलं. लांबलचक. तीन नोंदींबाबत कंपनीला आणि संबंधित अधिकाऱ्याला लेखी ताकीद. आणि शेवटी ठरलेला छापील मजकूर: यापुढे असा प्रकार आढळल्यास आपलं लायसन्स रद्द करण्यात येईल.

दादाने ती ओळ दोनदा वाचली. “आधी सांगायचं ना! दोन महिने आपण दुसरं काय मागतोय?” आणि तो हसायला लागला, ताईसुद्धा हसली, बऱ्याच दिवसांनी, टेबलाला धरून.

आता कंपनीला एकच ग्राहक उरला होता. बाकी साठ जणांच्या फाइली चोवीस तारखेलाच रवाना झाल्या होत्या. कपाटं रिकामी, पाटी अजून वर, आणि नियमाप्रमाणे ऑफिस अकरा ते पाच उघडं. काटेकोर दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान झाकून वर यायचा, बदललेल्या खुर्चीत ताठ बसायचा आणि सल्ला मागायचा. तो द्यायचं काम ताईने दादाला लावलं होतं. प्रश्नपत्रिका पहिल्यापासून, नवी कोरी, समोर बसवून.

“प्रश्न नववा,” दादा वाचत होता. “समजा, एका महिन्यात तुमच्या गुंतवणुकीची किंमत पाव भागाने घसरली. तुम्ही काय कराल? अ, सगळं काढून घेईन. ब, थांबेन. क, आणखी टाकीन.”

काटेकोरने हनुवटी खाजवली. “कोणाच्या चुकीने घसरली?”

“कोणाच्याच नाही. बाजार आहे तो.”

“असं कसं? एवढं सगळं घसरलं आणि चूक कोणाचीच नाही?”

“काका, अ, ब की क?”

“तुम्ही घाई करू नका. माझे अजून त्रेचाळीस दिवस आहेत.”

दादाने मागच्या खोलीकडे मान वळवली. “ताई, हे पर्यायात बसत नाहीत!”

“मग ते काय म्हणतात ते मागच्या बाजूला लिही,” ताई आतून म्हणाली. “भरपूर जागा आहे तिथे.”

तिच्यासमोर दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज होता. मागे कधी लेखी ताकीद मिळाली आहे का, या रकान्यात तिने “हो” लिहिलं आणि कारण तीन ओळींत मांडलं. कधीपासून रुजू होऊ शकाल, याच्यापुढे तिने बोटांवर त्रेचाळीस दिवस मोजले, वर मंडळाचे तीन धरले, आणि तारीख लिहिली.